इलेक्ट्रिक गाडी टायर खातेय? नवे टायर घालण्याआधी हा क्रम पाळा

मागच्या टायरची आतली कड तारेपर्यंत झिजलीय, हे बहुतेक मालकांना पंक्चर काढणाऱ्याकडून कळतं. बाहेरून नक्षी चांगली दिसत असते, म्हणून कोणी वाकून बघितलेलं नसतं. मग घाईघाईत दोन नवे टायर येतात, सोबत ‘अलाइनमेंटही करून टाका’, म्हणजे चाकांचे कोनही जुळवून टाका, असं सांगितलं जातं आणि दहा-बारा हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच. माझ्या दोन मोटरच्या गाडीचा मागचा पहिला जोड असाच गेला. दुसरा अर्धा संपला तेव्हा लक्षात आलं की मी कामं उलट्या क्रमानं करून घेत होतो. तेव्हापासून ओळखीच्या गाड्यांचे अलाइनमेंटचे कागद मी मागून घेऊन वाचतो. गाड्या वेगवेगळ्या असतात, चुका मात्र त्याच सापडतात.

हा लेख दोन टनांच्या आसपास किंवा त्याहून जड, चार-पाच सेकंदांत शंभरचा वेग गाठणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी आहे. बीवायडी सील परफॉर्मन्सचं उदाहरण घ्या : ५३० पीएस, ६७० न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर ३.८ सेकंदांत, वजन जवळपास २.२ टन. गणित मांडलं तर त्या ३.८ सेकंदांत चार टायर मिळून सरासरी दीड टनाहून जास्त जोरानं रस्ता मागे ढकलत असतात, आणि प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढा. अमेरिकेत टेस्ला मॉडेल एस प्लेड चालवणाऱ्या वाचकांसाठीही पद्धत हीच आहे, फक्त रोटेशनच्या, म्हणजे टायरच्या जागा आपसांत बदलण्याच्या, टप्प्यात त्यांना वेगळं वागावं लागेल.

आधी दोन तक्रारी वेगळ्या करा

टायर लवकर झिजणं आणि वाकडा झिजणं हे दोन वेगळे आजार आहेत. पूर्ण रुंदीवर सारखा, पण लवकर झिजत असेल तर कारण वजन, ताकद, रबराचा मऊपणा आणि तुमचा उजवा पाय यांत शोधायचं. अलाइनमेंटवर पैसे घालून त्यात फार फरक पडणार नाही. एकाच कडेला झिजत असेल तर पाय कितीही हलका ठेवा, टायर वाचणार नाही. तिथे कोन, हवा किंवा सस्पेन्शनचा एखादा सैल भाग दोषी असतो. बऱ्याच गाड्यांत दोन्ही आजार एकत्र असतात, म्हणून मोजल्याशिवाय निदान करायचं नाही.

## टप्पा १ : तयारी

लागणारं सामान थोडं आहे.

- नक्षीची खोली मोजायचं डेप्थ गेज. साधं चालेल, पण ०.१ मिमीपर्यंत वाचता यायला हवं.
- स्वतःचं हवा मोजायचं गेज. पेट्रोल पंपावरच्या मशीनचा आकडा शेवटचा मानायचा नाही.
- टॉर्च, खडू, वही, फोन.
- ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो. हवेचा दाब आणि टायरचा साइज त्यावर असतो.
- गाडीच्या मॅन्युअलमधली दोन पानं : जॅक लावायच्या जागा आणि गाडी न्यूट्रलमध्ये कशी ठेवायची ते.

ही दोन पानं टायरच्या दुकानात जाण्याआधी वाचून ठेवा, कारण तिथे कोणी मॅन्युअल उघडत नाही.

सावधान : या गाड्यांच्या पोटाखाली जवळपास पूर्ण लांबीची बॅटरी असते. जॅक किंवा लिफ्टचा हात बॅटरीच्या पेटीवर टेकला तर होणारं नुकसान टायरच्या किमतीच्या कैक पट असतं. जॅक ठरलेल्या चार जागांवरच, आणि बहुतेक गाड्यांत मधे रबरी ठोकळा ठेवूनच लावायचा. ठोकळा सोबत न्या आणि लिफ्ट वर जाईपर्यंत तिथून हलू नका. एअर सस्पेन्शन असेल तर उचलण्याआधी स्क्रीनवरून जॅक मोड चालू करा, नाहीतर चाकं लोंबकळल्यावर गाडी स्वतःची उंची जुळवू पाहते.

## टप्पा २ : छत्तीस मोजमापं

प्रत्येक टायरवर तीन रेघा धरा : आतली खाच, मधली खाच, बाहेरची खाच. प्रत्येक रेघेवर घेराच्या तीन जागी मोजा. एका टायरची नऊ, चारांची छत्तीस मोजमापं होतात. पाऊण तास जातो, पण पुढचे सगळे निर्णय याच आकड्यांवर उभे राहतात.

१. गाडी सपाट जागी लावा. पुढच्या टायरसाठी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवा म्हणजे आतली कड समोर येते.

२. मागच्या टायरची आतली कड अशी दिसत नाही. फोनचा टॉर्च लावून तो टायरच्या मागे धरा आणि व्हिडिओ घ्या. तारा किंवा कापड दिसलं तर मोजमाप तिथेच थांबवा. ती गाडी हायवेवर न्यायची नाही.

३. गेजची सुई खाचेच्या तळाला टेकवा. खाचेत मधेमधे असलेल्या उंचवट्यांवर, म्हणजे झीज दाखवणाऱ्या खुणांवर, टेकवू नका. त्या १.६ मिमी उंचीच्या असतात आणि नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्यानंही संपला. पावसाळ्यात मी ३ मिमीलाच संपला असं मानतो. रुंद टायर, मोठं वजन आणि घाटातलं पाणी एकत्र आलं की त्याखाली भरवसा राहत नाही.

४. वहीत तारीख, किलोमीटर आणि ‘मागे डावा : आत ३.१, मध्ये ४.६, बाहेर ५.०’ अशा ओळी लिहा.

आता झिजेचा वेग काढा. नवा असताना नक्षी ७.५ मिमी होती आणि १२,००० किलोमीटरनंतर मधे ४.५ उरली, तर दर हजाराला ०.२५ मिमी जाते. ३ मिमीपर्यंत यायला आणखी ६,००० किलोमीटर. हाच हिशेब आतल्या खाचेचा वेगळा करा. टायरचं आयुष्य सगळ्यात लवकर संपणाऱ्या खाचेवर ठरतं, सरासरीवर नाही.

नेहमीची चूक : नाणं खुपसून ‘अजून बरीच आहे’ म्हणणं. नाणं बाहेरच्या खाचेत जातं आणि आजार आतल्या खाचेत असतो.

## टप्पा ३ : आकडे काय सांगतात ते वाचा

दोन्ही मागचे टायर आतून सारखेच झिजलेत. या गाड्यांत सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. वळणावर पकड मिळावी म्हणून मागची चाकं मुळातच वरून किंचित आत झुकलेली असतात. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. त्यामुळे आतल्या कडेवर भार जास्त असतो, पण एवढ्यानं टायर संपत नाही. सोबत टो बिघडला, म्हणजे चाकं नाकासमोर न चालता तिरकी चालू लागली, की घासणं सगळं त्याच भारलेल्या कडेवर येतं. लोक कॅम्बरला दोष देतात, खरी खादाडी बहुधा टो करतो. गाडी स्प्रिंग कापून किंवा बदलून खाली बसवली असेल, किंवा एअर सस्पेन्शन सतत खालच्या उंचीवर ठेवलं असेल, तर कॅम्बर आणखी वाढतो आणि टोही हलतो.

एकाच बाजूचा एकच टायर झिजलाय. खड्डा, दुभाजक किंवा फुटपाथची धडक आठवा. आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) वाकलेला किंवा बुश (त्याच्या सांध्यातलं रबर) गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

दोन्ही कडा झिजल्यात, मधला भाग उरलाय. हवा कमी ठेवली गेली.

मधला भाग झिजलाय, कडा उरल्यात. हवा जास्त असेल. पण हे फक्त ताकद जाणाऱ्या धुरीवर दिसत असेल आणि हवा बरोबर असेल, तर जोरात पळवण्याचा परिणाम समजा.

हात फिरवल्यावर एका दिशेनं गुळगुळीत, उलट्या दिशेनं करवतीसारखं लागतं. टायरच्या रुंदीवर आडवा हात फिरवून हे लागलं तर टो बिघडलाय. नक्षी अजून भरपूर असतानाही हे कळतं, म्हणून दर महिन्याला हात फिरवा. मात्र तारा निघाल्या नाहीत ना ते आधी बघा, त्या हात कापतात.

घेरावर ठरावीक अंतरानं खळगे. शॉक अब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग.

मागचा जोड पुढच्यापेक्षा खूप लवकर, पण सरळ झिजतोय. मागच्या मोटरच्या गाडीत हे अपेक्षित आहे. वेग वाढवताना ताकद मागच्या टायरमधून जाते आणि पाय उचलल्यावर रीजननं (मोटर वीज परत बॅटरीत भरत असताना) गाडी हळू करण्याचं कामही तेच टायर करतात. पेट्रोलच्या गाडीत ब्रेकचं मोठं ओझं पुढच्या टायरवर असतं, त्या सवयीनं इथे अंदाज बांधू नका.

## टप्पा ४ : हवा, आणि तीही थंड टायरची

कोन तपासण्याआधी हवा सारखी करायची. चुकीच्या हवेनं गाडीची उंची बदलते, आणि उंची बदलली की कोनही बदलतात.

थंड टायर म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आणि उन्हात नाही. सकाळी निघण्याआधीची वेळ सगळ्यात बरी. ४० पीएसआयच्या आसपास हवा असलेल्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी बदललं की साधारण २ पीएसआयचा फरक पडतो. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असताना भरलेली हवा दुपारी ३२ अंशांत ४ पीएसआयनं जास्त दिसेल. ती जास्त झालेली नसते, म्हणून काढायची नाही. समृद्धीवर वेरूळच्या आसपास थांबून गरम टायरमधली हवा कमी करणारे लोक मी पाहिले आहेत. उरलेला काँक्रीटचा रस्ता त्यांची गाडी कमी हवेवर कापते, तीही १२० च्या मर्यादेच्या महामार्गावर.

दुसरी चूक दुकानातली. हवा भरणाऱ्याचा हात ३२-३३ वर बसलेला असतो, कारण समोर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना तेवढीच लागते. जड इलेक्ट्रिक गाडीला अनेकदा ३८ ते ४२ लागते. टेस्ला मॉडेल ३ च्या बऱ्याच गाड्यांच्या स्टिकरवर ४२ आहे. आकडा तुम्ही स्टिकर बघून सांगायचा आणि भरल्यावर स्वतःच्या गेजनं तपासायचा. खड्ड्यांत गाडी मऊ चालावी म्हणून चार-पाच पीएसआय कमी ठेवणं सगळ्यात महाग पडतं : कडा जातात, रेंज कमी होते आणि खड्ड्यात रिम वाकायची भीती वाढते.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. अमेरिकेच्या नियमानुसार तो शिफारशीपेक्षा २५ टक्के हवा कमी झाल्यावर लागला तरी चालतो. ४२ च्या टायरमध्ये ३२ उरेपर्यंत दिवा गप्प बसू शकतो.

तपासा : आठवडाभर बरोबर हवेवर चालवल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहतं का? दोन्ही उत्तरं लिहून ठेवा. गाडी ओढत नसली तरी मागचा टो बिघडलेला असू शकतो. दोन्ही मागची चाकं सारख्याच कोनात आत किंवा बाहेर वळलेली असली की गाडी नाकासमोर सरळ चालते आणि टायर मुकाट्यानं झिजत राहतात.

## टप्पा ५ : सैल काय आहे ते आधी शोधा

बुश गेलेल्या गाडीचं अलाइनमेंट म्हणजे खिळखिळ्या दाराला नवी कडी. मशीनवर उभ्या गाडीचे कोन बरोबर येतात. रस्त्यावर ६७० न्यूटन-मीटरचा धक्का बसला की आर्म हलतो आणि चाक तिरकं होतं. रीजन लागलं की ते उलट्या बाजूला जातं. टायर प्रत्येक वेळी घासतो आणि मशीनचा कागद हिरवाच, म्हणजे सगळं मर्यादेत दाखवणारा, राहतो.

म्हणून अलाइनमेंटच्या आधी, गाडी लिफ्टवर असताना हे करून घ्या.

१. प्रत्येक चाक घड्याळातल्या बारा-सहा आणि नऊ-तीनच्या जागी धरून हलवून बघा. खडखड किंवा ढिलेपणा जाणवला तर बॉल जॉइंट, टाय रॉड, बेअरिंग तपासायला सांगा.

२. मागच्या आर्मच्या बुशांत पहार हलकेच घालून रबर फाटलंय का ते बघा. मागची बाजू टाळू नका. बरेच मेकॅनिक फक्त पुढचं बघतात, कारण त्यांची सवय पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांची आहे.

३. शॉकमधून तेल गळतंय का, स्प्रिंग तुटली आहे का.

४. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजा. एकाच धुरीवर डाव्या-उजव्यात १० मिमीहून जास्त फरक असेल तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

५. रिम वाकलेली नाही ना हे बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघा.

सावधान : नवं बुश किंवा आर्म बसवला तर त्याचे बोल्ट गाडी हवेत लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. भार चाकांवर आला की मगच शेवटचं आवळायचं. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि गाडीची उंचीही चुकते. ही एक गोष्ट दुकानात उभं राहून पाहण्यासारखी आहे.

## टप्पा ६ : अलाइनमेंट

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

आधी टायर की आधी अलाइनमेंट? जुने टायर अजून वापरायचे असतील तर अलाइनमेंट लगेच. टायर बदलायचेच असतील तर त्याच दिवशी, त्याच दुकानात, हा क्रम : जुन्या टायरवर फक्त मोजणी आणि तिचा कागद, मग नवे टायर, मग हवा, मग जुळवणी. जुन्या टायरवरची मोजणी हा तुमचा पुरावा आहे. टायर कोणत्या कोनामुळे गेला हे त्यातूनच कळतं. ‘नवे टायर जरा बसू देत, हजार किलोमीटरनंतर या’ असं सांगितलं तर मान्य करू नका. वाकड्या चाकावर नवा टायर ज्या दिवशी चढतो त्याच दिवशी झिजायला लागतो.

गाडी मशीनवर चढवताना. डिकी रिकामी. एअर सस्पेन्शन कंपनीनं अलाइनमेंटसाठी सांगितलेल्या उंचीवर. बॅटरी किती भरलेली आहे याची काळजी नको, चार्जनं वजन बदलत नाही. क्लॅम्प लावल्यावर गाडी थोडी मागे-पुढे ढकलावी लागते आणि इथे गोंधळ होतो. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या ड्रायव्हर उतरला किंवा दार उघडलं की आपोआप पार्कमध्ये जातात आणि मागची चाकं जखडतात. मग कामगार ढकलायचा टप्पा गाळून पुढे जातो आणि सगळे आकडे थोडे थोडे चुकतात. न्यूट्रलमध्ये ठेवायची रीत तुम्ही आधी वाचलेली आहे, तुम्हीच सीटवर बसा.

मॉडेल बरोबर निवडलंय का बघा. एकाच नावाच्या गाडीचे एक मोटर, दोन मोटर, वेगळे रिम असे प्रकार असतात आणि त्यांचे कोन वेगळे असू शकतात. मशीनमध्ये तुमचा प्रकार नसेल आणि कोणी ‘जवळचं’ मॉडेल निवडत असेल तर काम थांबवा. कंपनीचे आकडे मिळवून हातानं घालता येतात.

कोणता कोन आधी. मागचा कॅम्बर, मग मागचा टो, मग पुढचा कॅम्बर जुळवता येत असेल तर तो, आणि स्टिअरिंग सरळ बांधून सगळ्यात शेवटी पुढचा टो. कॅम्बर हलवला की टो हलतो, म्हणून उलटं केलं तर केलेलं काम बिघडतं. पुढच्या चाकांना सरळ म्हणजे काय ते मागची चाकं ठरवतात, म्हणून मागचं आधी. ‘फक्त पुढचं करतो, मागचं लागत नाही’ असं म्हणणाऱ्या दुकानात या गाडीचं काम करायचं नाही.

अनेक गाड्यांत मागचा कॅम्बर जुळवायची सोयच नसते, फक्त टो जुळतो. तसं असेल आणि कॅम्बर मर्यादेबाहेर असेल तर एखादा भाग वाकलाय किंवा गाडी खाली बसलीय. आधी ते शोधा. कॅम्बर मर्यादेत आहे पण काठावर आहे, तर टो कंपनीच्या मर्यादेत राहून खालच्या टोकाकडे ठेवायला सांगा. माझ्या अनुभवात टायरच्या आयुष्यात सगळ्यात मोठा फरक याच एका गोष्टीनं पडतो. मागचा टो शून्याखाली, म्हणजे चाकं बाहेर उघडणारा, मात्र कधीच ठेवू नका. ब्रेक लावताना आणि ओल्या वळणावर गाडी मागून सुटते.

टो किती छोटा आणि किती घातक हे समजून घ्या. एक चाक ०.१ अंशानं तिरकं असेल, तर भूमितीच्या हिशेबानं ते दर किलोमीटरमागे सुमारे पावणेदोन मीटर आडवं सरकू पाहतं. गाडी स्थिर चालावी म्हणून एवढा टो बहुधा मुद्दाम ठेवलेला असतो. तोच ०.४ अंश झाला की सात मीटर. दहा हजार किलोमीटरमध्ये ते सत्तर किलोमीटर आडवं घासणं होतं, तेही एका चाकावर येणाऱ्या अर्ध्या टनाच्या ओझ्याखाली.

कागद कसा वाचायचा. हिरवा रंग बघून निघू नका. तीन गोष्टी आकड्यांत बघा.

पहिली, एकक. काही मशीन टो दशांश अंशांत दाखवतात, काही अंश-मिनिटांत. ०.१० अंश म्हणजे ६ मिनिटं. कागदावर ‘०°१०′’ असेल तर ते ०.१७ अंश होतात. हे दोन एकच समजून जुळवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. काही मशीन मिलिमीटरमध्ये दाखवतात. त्यांतला आकडा कोणत्या व्यासावर काढलाय हे विचारा, नाहीतर अंशांत बदलून मागा.

दुसरी, प्रत्येक चाकाचा वेगळा टो. एकूण टो हिरवा असूनही दोन चाकं वेगळी असू शकतात. समजा मागचं डावं ४ मिनिटं आत आहे आणि उजवं २० मिनिटं. बेरीज २४, ती मर्यादेत बसली म्हणून हिरवी. पण गाडीचा माग ८ मिनिटांनी तिरका झालाय. तिचा शेपटा बाजूला राहतो आणि सरळ चालायला पुढचं स्टिअरिंग किंचित वाकडं धरावं लागतं. थ्रस्ट अँगल हा आकडा तेच सांगतो. तो जवळपास शून्य हवा.

तिसरी, डावं-उजवं कॅम्बर. दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर कारण विचारा.

आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद घेऊन या. ‘प्रिंटर बंद आहे’ असं म्हणाले तर स्क्रीनचे फोटो काढा.

सावधान : कोकणात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांत मागच्या टोचे बोल्ट गंजून बसलेले सापडतात. ते न सुटल्यामुळे कामगार पुढचं जुळवून मोकळा होतो आणि कागदावर मागचे आधीचे-नंतरचे आकडे तंतोतंत सारखे येतात. असे सारखे आकडे दिसले तर मागच्या बाजूला कोणी हात लावलेला नाही.

काम झाल्यावर स्टिअरिंगचा सेन्सर शून्यावर आणायचा असतो. काही गाड्यांत लेन ओळखणारा कॅमेराही पुन्हा जुळवावा लागतो. तुमच्या गाडीला ते लागतं का, हे मॅन्युअल किंवा सर्व्हिस सेंटरमधून आधीच विचारून ठेवा.

## टप्पा ७ : नवा टायर निवडताना

साइज सारखा असला म्हणजे टायर चालतो असं नाही. साइजपुढचा भार-निर्देशांक बघा. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, ९९ म्हणजे ७७५, १०३ म्हणजे ८७५. स्टिकरवर किंवा मूळ टायरवर असलेल्या आकड्याखाली जायचं नाही, दुकानदार कितीही म्हणाला तरी. मूळ टायरवर एक्सएल किंवा एचएल लिहिलेलं असेल तर तेच हवं. एचएल हा एक्सएलपेक्षाही जास्त भार घेणारा वर्ग जड इलेक्ट्रिक गाड्यांमुळेच अलीकडे वाढला आहे.

ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेला टिकण्याचा, आकडा, २००, ३००, ५०० वगैरे, कंपनी स्वतः ठरवते. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो उपयोगी, दोन कंपन्यांत तुलना करायला नाही. पकड आणि आयुष्य दोन्ही एकदम मिळत नाही. रोज ऑफिस आणि महिन्यातून दोनदा घाट एवढाच वापर असेल, तर स्पोर्ट टायरऐवजी इलेक्ट्रिक गाडीसाठी बनवलेला टूरिंग टायर घ्या. थांबायचं अंतर थोडं वाढेल हे लक्षात ठेवून.

टायरच्या आत आवाज कमी करणारा फोम असेल तर पंक्चर काढताना तेवढा फोम कापून बाजूला करावा लागतो. आपल्या पंक्चरवाल्याला ते येतं का, हे आधी विचारा.

उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. एका धुरीवर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे. फक्त एक बदलायची वेळ आलीच, तर जोडीदाराशी खोलीत फार फरक नको.

## टप्पा ८ : रोटेशन

पुढे-मागे एकच साइज असेल तरच पूर्ण रोटेशन होतं. बाणाची खूण असलेले टायर त्याच बाजूला पुढे-मागे करा. बाण नसेल तर मागचे सरळ पुढे आणि पुढचे तिरपे मागे. टेस्लाचं मॅन्युअल दर १०,००० किलोमीटरला किंवा खोलीत १.५ मिमी फरक पडताच रोटेशन सांगतं, जे आधी होईल ते. जोरात चालवत असाल तर मी ६,००० म्हणेन.

मॉडेल एस प्लेडवर २१ इंची रिम असतील तर पुढे २६५/३५ आर २१ आणि मागे २९५/३० आर २१ असतात. अशा गाडीत पुढचा टायर मागे जाऊच शकत नाही. बाण नसेल तर डावा-उजवा बदलता येतो, तेवढंच. टायरवर ‘बाहेरची बाजू’ लिहिलेली असेल तर तो रिमवर उलटा चढवायचा नाही. म्हणजे अशा गाडीत आतली कड वाचवायचा मार्ग टो आणि हवा, एवढाच उरतो.

नेहमीची चूक : आतून खाल्लेला टायर पुढे टाकून निर्धास्त होणं. कारण मागेच राहतं आणि पुढून आलेला चांगला टायर तिथे खाल्ला जातो.

चाकांचे नट टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हवेच्या गननं आवळून सोडलेलं काम परत करायला लावा.

## टप्पा ९ : पायाचं काम

कोन आणि हवा बरोबर झाल्यावरच इथे या. सिग्नलवरून निघताना पहिला एक सेकंद पाय हळू दाबा, मग हवं तेवढं पळवा. जागेवर उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवू नका, गाडी थोडी हलू द्या. वळणाच्या आत असताना पाय एकदम उचलू नका. तीव्र रीजन आणि वळण एकत्र आलं की मागच्या टायरवर दोन दिशांनी ओढ येते. घाट उतरताना रीजन जरूर वापरा, पण पाय मिलिमीटर-मिलिमीटरनं उचलत. नव्या टायरवर पहिले ३०० ते ५०० किलोमीटर जोर नको.

## टप्पा १० : पुन्हा मोजा

१,००० किलोमीटरनंतर हात फिरवून करवत लागते का ते बघा. ३,००० नंतर छत्तीस मोजमापं परत घ्या, त्याच गेजनं, त्याच वहीत. ०.२ मिमीपर्यंतचा फरक मोजण्याची चूक समजा. आतली खाच बाहेरच्यापेक्षा ०.३ मिमी किंवा त्याहून जास्त झिजली असेल, तर दोन्ही कागद आणि वही घेऊन दुकानात परत जा. नव्यानं अलाइनमेंट करायला सांगू नका. आधी फक्त मोजायला सांगा आणि नवे आकडे मागच्या कागदाशी ताडा. टो हलला असेल तर बोल्ट सैल राहिलाय किंवा बुश गेलंय, तेव्हा टप्पा ५ वर परत या. टो तोच असेल आणि तरी आतली कड जात असेल, तर तो कंपनीच्या खालच्या टोकाकडे आणखी थोडा कमी करून घ्या, आणि पुढची मोजणी ३,००० किलोमीटरनंतर.